साठवलेली रजा

ट्रॉयने विचारलं आणि मधुवंतीच्या तोंडून उत्तर निघून गेलं. मंगळवारची सकाळ, सव्वानऊ वाजलेले, बाहेर धुकं इतकं की समोरच्या इमारतीचा तिसरा मजला गायब झाला होता. ट्रॉय म्हणजे तिचा नवा मॅनेजर, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. कॉफीचा मग घेऊन तो तिच्या टेबलाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "मधू, तुझी रजा फार साठलीय, मेट. चौसष्ट दिवस. एचआर माझ्या मागे लागलंय. जुलै संपायच्या आत थोडी तरी घेऊन टाक. कुठे जाशील? घरी?" आणि स्क्रीनवरची नजरही न हलवता मधुवंती म्हणाली, "हो, पुण्याला. आईकडे." ट्रॉयला या विभागात येऊन चारच महिने झाले होते. तो "लव्हली" म्हणाला. पण पलीकडच्या टेबलावरची लीन टाइप करायची थांबली. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मधुवंतीची आई गेली, तेव्हा सगळ्यांच्या सह्या गोळा करत ऑफिसभर कार्ड फिरवलं होतं ते या लीननेच. आता तिने मान वर केली आणि मधुवंतीकडे अशा काही मायेने पाहिलं की मधुवंतीला दरदरून घाम फुटला, बाहेर तीन डिग्री असताना. काहीतरी बोलणं भाग होतं. लीनच्या स्क्रीनवर गेल्या वर्षीच्या सहलीचा फोटो होता, निळं पाणी, पांढरा खडक, टोपी घातलेली लीन. "म्हणजे पुण्याला नाही," मधुवंती म्हणाली, "मिनोर्काला. स्पेनचं बेट. लीन गेली होती ना, तिथे." ट्रॉयला आई आणि मिनोर्का यांचा मेळ काही लागला नाही, पण तो भला माणूस होता, "इव्हन बेटर" म्हणून निघून गेला. आणि अशा रीतीने, एक चूक झाकायला, मधुवंतीची जन्मातली पहिली हॉलिडे ठरली.

पहिलीच म्हणायची. ऑस्ट्रेलियात येऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीस वर्षांत तिने घेतलेली एकूण एक रजा पुण्यात खर्ची पडली होती. रजा म्हणजे पुणे, यात ठरवण्यासारखं काही नसतंच. बाकीचे लोक जानेवारीत बालीहून, फिजीहून भाजलेले लालबुंद चेहरे घेऊन परत यायचे. ही पुण्याहून खोकला घेऊन यायची. जाताना दोन बॅगा भरलेल्या असायच्या त्या दुसऱ्यांच्या वस्तूंनी. आईला गुडघ्याचं मलम, भाऊ अजितला व्हिटॅमिनच्या बाटल्या, त्याच्या बायकोला, चित्रलेखाला, क्रीम. तिचे स्वतःचे कपडे कोपऱ्यात, तेही जुने, कारण परत येताना ते तिथेच टाकून त्या जागी चकलीची भाजणी आणि मेतकूट भरता यायचं. तिथे गेल्यावर चार आठवड्यांत ती काय करायची, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बँकेत जायची. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायची. दुपारी आईच्या पलंगावर आडवी व्हायची आणि आई पेपरातलं काहीतरी मोठ्याने वाचायची, तेही बहुतेक मृत्यूच्या बातम्या. लग्न तिने केलं नाही, करायचं नाही असं काही ठरवलेलंही नव्हतं. त्या विषयावर आईने पहिली दहा वर्षं डोकं खाल्लं आणि नंतरची सात वर्षं एक अक्षर काढलं नाही. त्या न बोलण्याची तिला इतकी सवय झाली होती की कधी कधी कॅनबराच्या गुंगालिन उपनगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, डिशवॉशर लावताना, तिला तेच न बोलणं ऐकू यायचं.

संध्याकाळी ट्राममधून घरी येताना तिने फोनवर बेट शोधलं. नकाशावर बारीकसं होतं, एखादा शेंगदाणा पडावा तेवढं. खिडकीबाहेर नॉर्थबर्न अव्हेन्यूची झाडं मागे जात होती आणि डब्यातली माणसं आपापल्या पफर जॅकेटात मान खुपसून बसली होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तिला वाटलं, लीन दोन दिवसांत विसरेल, आपण ट्रॉयला काहीतरी थाप मारू, आणि दोन आठवडे घरातच हीटरपाशी बसून काढू. पण दुसऱ्या दिवशी लीनने डब्यात घालून केक आणला, नकाशा आणला, आणि एका कागदावर हाताने लिहून दिलेल्या जागांची नावं आणली. लीनच्या आनंदाला तोंड देणं मधुवंतीला शक्य नव्हतं. मग ती खरोखरच तयारीला लागली. तयारी म्हटल्यावर तिचं डोकं जे करतं तेच तिने केलं, एक्सेल उघडलं. तिकिटांची चौकशी झाली: सिडनी, दोहा, बार्सिलोना आणि तिथून चिमुकल्या विमानाने बेटावर. नकाशावर विमानाचा मार्ग पाहताना तिला दिसलं की ते भारताच्या खालच्या टोकावरून जाणार आहे, आणि न उतरता. ती त्या निळ्या रेघेकडे बराच वेळ पाहत बसली. एखाद्याच्या दारावरून जाऊन बेल न वाजवता पुढे निघून जाणं, तेही त्याला दिसेल अशा बेताने, तसं काहीसं तिला वाटलं. मग तिने नकाशा बंद करून हॉटेलं शोधायला घेतली.

दहा दिवसांचा कार्यक्रम शुक्रवारपर्यंत तयार झाला. किल्ला, दीपगृह, तीन हजार वर्षांपूर्वी रचलेले दगड, चीजचा कारखाना, दुसरं दीपगृह, बोटीतून फेरी, चर्च. दिवसाचे तीन भाग, प्रत्येक भागाला वेगळा रंग. जेवणाच्या सुट्टीत लीनने चष्मा लावून तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "आणि बीच?" तिने विचारलं. "आहे ना," मधुवंती म्हणाली, "बुधवारी, चार ते साडेपाच." लीन इतकी हसली की तिला खोकला आला. "डार्ल," ती म्हणाली, "यू डू नथिंग. तेच करायला जातात तिथे. टॉवेल टाकायचा आणि पडायचं उन्हात." मधुवंतीही हसली. उन्हात पडायचं? ऊन हे काही पडायचं ठिकाण आहे? ऊन म्हणजे ज्यातून आई हाका मारून आत बोलवायची ते. काळी पडशील, घोळणा फुटेल, ये आत. फक्त मे महिन्यात एकदा उन्हात बसायची परवानगी असे, किंबहुना सक्ती, गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या असत तेव्हा. कावळे हाकलायला काठी घेऊन बसायचं. ती नऊ-दहा वर्षांची होती. आई खालची कामं उरकून वर यायची आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिच्याशेजारी टेकायची. ती सावली इतकी अरुंद की दोघींना मावायचं तर अंगाला अंग लावून बसावं लागे. आईच्या साडीला चिकाचा आंबूस वास यायचा. त्या बसण्यातही काम होतं, कावळ्यांकडे लक्ष ठेवायचं होतं, म्हणून दोघींना ते चालायचं. नुसतं बसायला त्यांच्या घरात कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

लीनला तिने हे सांगितलं नाही. नीरजाला सांगून पाहिलं. नीरजा तिची जुनी मैत्रीण, आधी दोघी एकाच घरात भाड्याने राहायच्या, आता ती नवऱ्यामुलांसह सिडनीला, क्वेकर्स हिलला. फोनवर मागे कुकर आणि पोरांचा आरडाओरडा. "स्पेन? अगं एकटी? आणि बीचवर तू करणार काय?" नीरजा म्हणाली. "बरं नाही वाटत ना तुला तिथे कॅनबराला? ये इकडे लाँग वीकेंडला, मस्त वडे तळू. नाहीतर बाली कर, आम्हीपण येतो, गँग होईल." मग "ओजस, पुट दॅट डाउन!" म्हणून ती ओरडली, आणि "थांब, नंतर करते" म्हणाली. नंतर तिने केला नाही. यात नीरजाचा काही दोष नव्हता. माणसाला संसार असला की 'नंतर'ला पाय फुटतात, हे मधुवंतीला माहीत होतं आणि तिने ते मनावर घेतलं नाही. निदान तशी समजूत घालून ती झोपली.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती एक्सेलच्या कुठल्या रकान्यात बसत नव्हती. चौसष्ट दिवसांतले सव्वीस दिवस तिचे नव्हते. ते डिसेंबरासाठी साठवलेले होते, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरासाठी. परदेशात राहणाऱ्या तिच्यासारख्या सगळ्यांची एक रीत असते: रजा मोडायची नाही. फुटकळ दुखण्याला, थकव्याला, पावसाळी सोमवारी ती वाया घालवायची नाही. साठवायची आणि एकदम घ्यायची, म्हणजे घरी नीट महिनाभर राहता येतं. त्या वर्षी तिने एकही दिवस मोडला नव्हता. आईला सांगून ठेवलं होतं, या खेपेला पुरा महिना, मधे कुठे जाणार नाही, काही काम काढणार नाही. आणि सप्टेंबरात अजितचा फोन आला, आईला जरा ताप आहे, सलाइन लावायला ॲडमिट केलंय. "येऊ का?" तिने विचारलं होतं. अजित क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "नको ताई. डिसेंबरात येणारच आहेस ना." तेव्हा तिला हायसं वाटलं. तोच एक क्षण दोन वर्षं तिच्या उरावर बसून होता. आईला न्यूमोनिया होता, आई सहाव्या दिवशी गेली, ती पोहोचेपर्यंत अजितने सगळं उरकलेलं होतं, हे सगळं एका बाजूला. पण हायसं वाटलं होतं, ते कोणाला सांगणार? ऑफिसने दुखवट्याची रजा वेगळी दिली. सव्वीस दिवस तसेच राहिले. त्यांवर पुढच्या दोन वर्षांची रजा साठत गेली आणि तिने ढिगाला हात लावला नाही. आता त्या दिवसांचं ऊन खायचं, टॉवेल टाकून, स्पेनमध्ये? आईला न दिलेले दिवस आपण असे उधळायचे? म्हणून तिने दहाच दिवसांचा बेत केला होता. वरचे दहा घ्यायचे, खालचे सव्वीस तसेच ठेवायचे. आपण हे कोणाला फसवतोय, असं तिच्या मनात येई, आणि ती उठून चहा टाकी.

रविवारी दुपारी दोन वाजता तिने अजितला फोन केला. पुण्यात साडेनऊ. दोघांचं बोलणं ठरलेलं असायचं, तब्येत, हवा, चित्रलेखाची शाळेतली नोकरी, बरं मग ठेवू. दोन वर्षांत त्यांच्यात भांडण एकदाही झालं नव्हतं, इतकं ते बिघडलेलं होतं. 'नको ताई' हे त्याचे दोन शब्द तिने त्याला माफ केले नव्हते, आणि आपण माफ केलेलं नाही हे त्याला कळतंय हे तिला कळत होतं. तरी या खेपेला तिने मनाची तयारी केली होती. तो म्हणेल, सप्टेंबरात आईचं श्राद्ध आहे, तेव्हा यायचं सोडून हे काय? त्यावर काय बोलायचं ते तिने आंघोळीच्या वेळी तीनदा म्हणून पाहिलं होतं.

"अरे वा," अजित म्हणाला. "जाऊन ये की. मस्त मजा कर."

तिची सगळी तयारी फुकट गेली. कोणी अडवत नाही म्हटल्यावर तिला एकदम फार एकटं वाटलं. तिच्या रजेवर आता कोणाचाच हक्क नव्हता. ती दक्षिण ध्रुवावर जाते म्हणाली असती तरी पुण्याहून असंच कोणीतरी 'मजा कर' म्हणालं असतं.

"दहाच दिवस," ती म्हणाली. "बाकीची रजा ठेवून देते. असू दे हाताशी."

पलीकडे भांड्याचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. अजित गॅलरीत आला असावा, रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

"कोणासाठी ठेवतेस, ताई?"

"म्हणजे?"

"रजा. आता कोणासाठी ठेवतेस?"

तिने टेबलावरचा लीनचा कागद उलटा करून ठेवला.

"एक सांगायचंय," अजित म्हणाला. "दोन वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय. तू तेव्हा विचारलंस ना, येऊ का म्हणून? मी नको म्हणालो ते माझं नव्हतं. आई समोर बसली होती पलंगावर. तिने हाताने खूण केली, नको म्हण."

"मला त्रास द्यायचा नव्हता तिला," मधुवंती म्हणाली. हे वाक्य तिने स्वतःशी पुष्कळदा म्हटलेलं होतं.

"छे गं. त्रास कसला." अजित म्हणाला. "फोन ठेवल्यावर मी चिडलोच तिच्यावर. म्हटलं, बोलावू या ना तिला. तर म्हणाली, आत्ता बोलावलं तर ती चार दिवसांसाठी धावत येईल, रडेल आणि जाईल. मग डिसेंबर बुडेल. मला चार दिवस नकोत. मला महिना हवाय."

"असं म्हणाली?"

"अस्सं. महिना हवाय मला, म्हणाली. वर सिस्टरला सांगून सफरचंद कापून घेतलं आणि खाल्लं. तिला वाटत होतं गं, ती बरी होणार. मलाही वाटत होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आलीस तेव्हा तुझ्याकडे बघवत नव्हतं. आणि नंतर तू माझ्याशी नीट बोललीच नाहीस."

"नाही बोलले," मधुवंती म्हणाली. "मला तुझा राग आला होता, अजित. फार."

"माहितीये."

दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही. शेवटी चित्रलेखाने आतून त्याला हाक मारली.

फोन ठेवल्यावर ती जेवणाच्या टेबलापाशीच बसून राहिली. दुपारचं ऊन खिडकीतून कार्पेटवर आलं होतं, जूनमधलं कॅनबराचं ऊन, उजेड भरपूर आणि ऊब जेमतेम. भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडे टीव्हीवर फूटीची, इथल्या फुटबॉलची, मॅच चालली होती, समालोचक सारखा ओरडत होता. त्या शेजाऱ्याचं नाव तिला सहा वर्षांत कळलेलं नव्हतं. तिच्या डोक्यात आईचं वाक्य आईच्याच आवाजात पुन्हा पुन्हा येत होतं. तिने आजवर मनात जी आई जपली होती ती सोसणारी होती, लेकीला त्रास नको म्हणून मुकाट्याने मरणारी. खरी आई तशी नव्हती. खरी आई हावरी होती. मेथीची जुडी चारदा उलटीपालटी करून मनासारखी मिळेपर्यंत भाजीवाल्यापुढून न हलणारी बाई. तिने लेकीच्या रजेचाही तसाच सौदा केला होता, आणि तो तिच्या अंगाशी आला. मधुवंतीला आईचा राग आला. चार दिवस घ्यायचे होते ना, मूर्ख बाई, असं ती मोठ्याने म्हणाली. चार दिवस मिळत होते. मी आले असते, तुझ्याशेजारी बसले असते, सफरचंद मी कापलं असतं. पण रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. आपण कोणालातरी इतके हवे होतो. चार दिवस पुरणार नाहीत इतके. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात हे तिला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि ज्या बाईने सांगितलं तिनेही ते दुसऱ्याला सांगितलं.

तिने लॅपटॉप ओढला. एक्सेलचा रंगीत तक्ता उघडाच होता. किल्ला, दीपगृह, चीज. तिने तो तक्ता पुसला. बेटाच्या पश्चिमेच्या गावात तिने जी खोली धरून ठेवली होती तिची मालकीण मार्गारिता नावाची वयस्क बाई होती. तिला मधुवंतीने लिहिलं की दहाऐवजी तीस दिवस मिळतील का. रविवारची सकाळ होती तिकडे, अगदी पहाटेची, तरी उत्तर दहा मिनिटांत आलं. पिकलेली माणसं लवकर उठतात. खोली मोकळी आहे, मार्गारिताने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, पण मॅडम, एक महिना? एकटीच? आमचं बेट लहान आहे, इथे आठवडाभरात सगळं बघून होतं. नंतर तुम्हाला कंटाळा येईल, म्हणून आधीच सांगते.

मधुवंतीने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बघायचं काही नाही, तिने लिहिलं. मला महिना हवाय.

पाठवल्यावर ते शब्द स्क्रीनवर तिला परत दिसले आणि ती रडायला लागली. आई गेली तेव्हा ती विमानात रडली नव्हती, पुण्यात अजितच्या दारात रडली नव्हती, लीनने कार्ड दिलं तेव्हा थँक यू म्हणाली होती. आता भर दुपारी, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, ती लहान पोरीसारखी मोठ्याने रडली. आवाज आवरता येईना आणि आवरावासाही वाटेना. भिंतीपलीकडच्या माणसाने टीव्हीचा आवाज कमी केला. मग अजून कमी केला. मग बंदच केला, आणि मॅच संपायला अजून पुष्कळ वेळ होता तरी त्याने तो पुन्हा लावला नाही.